द्राक्षे आमची, नाव कुणाचे?

सहलीची भाषा आमच्या इस्लामपुरातही आता बदलली आहे. पूर्वी ऊस गेला आणि हातात चार पैसे आले की लोक काशी-रामेश्वर करून यायचे. मग दहा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या युरोपच्या सहली आल्या. हल्ली त्याही जुन्या झाल्या. स्पेनला जाऊन आलेले आमच्या ओळखीतले एक जोडपे बार्सिलोनाचा समुद्र आणि माद्रिदचे राजवाडे सोडून आतल्या भागातली खेडी आणि द्राक्षांची खोरी पाहून आले. त्यांच्या फोटोंत टेकडीवरची दगडी गावे होती, गावाच्या पायथ्यापर्यंत आलेल्या द्राक्षवेली होत्या, आणि घराखालच्या तळघरात पिंपाशेजारी उभा असलेला एक म्हातारा होता. फोटो बघताना कुणीतरी सहज म्हणून गेले, "आपल्याकडं असं काय आहे दाखवायला?"

हा प्रश्न आमच्या खोऱ्यातला जवळजवळ प्रत्येक माणूस विचारतो, आणि उत्तर ठाऊक असल्यासारखाच विचारतो. मला ते उत्तर पटत नाही. तासाभराच्या अंतरावर पलूस आणि तासगाव आहेत. तिथे द्राक्षेही आहेत आणि खेडीही आहेत. जे नाही ते दुसरेच काहीतरी आहे, आणि त्यावर रविवारच्या निवांतपणी थोडे बोलावे असे वाटते.

आधी स्पेनकडे पाहू, कारण फोटोत अर्धीच गोष्ट दिसते. एब्रो नदीच्या खोऱ्यातला रिओहा हा प्रदेश वाईनसाठी जगप्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा नावाच्या, मुळे खाणाऱ्या किडीने फ्रान्समधल्या द्राक्षबागा उजाड केल्या तेव्हा तिथले व्यापारी माल शोधत या खोऱ्यात उतरले. हारो या गावात रेल्वे स्टेशनाला लागूनच वाईनची कोठारे उभी राहिली, आणि ती आजही आहेत. जवळच्या लाग्वार्दिया या तटबंदीच्या गावात तर घराघराखाली तळघरे खोदलेली आहेत. पण या मंडळींनी केलेले महत्त्वाचे काम कागदावरचे आहे. १९२५ सालापासून 'रिओहा' हे नाव कुणी कोणत्या मालावर लावायचे याचे तिथे नियम झाले. खोऱ्याबाहेरच्या मालाला ते नाव घेता येत नाही. नावाला राखणदार मिळाला आणि मग नावाला किंमत आली.

या खेड्यांचे फार गोडवे गाण्याचेही कारण नाही. स्पेनचा आतला भाग गेली सत्तर वर्षे रिकामा होत आला आहे. तरुण माणसे माद्रिद-बार्सिलोनाला गेली आणि गावात म्हातारी माणसे व बंद दारे उरली. सेर्हिओ देल मोलिनो या लेखकाने २०१६ साली 'रिकामा स्पेन' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले तेव्हा त्या देशाला आपल्या खेड्यांची आठवण झाली. ३१ मार्च २०१९ रोजी या रित्या गावांतली माणसे मोर्चा घेऊन माद्रिदच्या रस्त्यावर आली. त्यांच्या मागण्या आपल्याला ओळखीच्या वाटाव्यात अशाच होत्या. रस्ता द्या, रेल्वे द्या, डॉक्टर द्या, शाळा बंद करू नका.

कातालोनियातल्या प्रिओरात या डोंगराळ भागाची कथा बोलकी आहे. मठातल्या साधूंनी बाराव्या शतकापासून तिथे द्राक्षे लावल्याचे सांगतात. विसाव्या शतकात मात्र उतारावरच्या पायऱ्यांच्या बागा ओस पडत गेल्या. १९८९ च्या सुमारास चार-पाच धडपडी माणसे ग्रातायोप्स नावाच्या लहानशा गावी एकत्र आली. जुन्या वेलींची थोडीच पण दमदार द्राक्षे वापरून त्यांनी वाईन केली आणि ती गावाच्या ओळखीसह जगापुढे ठेवली. आज तिथे बाटलीवर गावाचे नाव लिहिण्याची रीतसर पद्धत आहे. लोक ती वाईन चाखतात, मग नकाशात ते गाव शोधतात, आणि त्यातले काही तिथे जाऊन पोचतात. प्रवासी सगळ्यात शेवटी आला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आधी माल सुधारला, मग मालावर नाव आले, आणि नावाच्या मागोमाग माणूस आला. आपण मात्र पर्यटनाचा विचार नेहमी शेवटच्या टोकाकडून करतो. आधी कमान, मग विश्रामगृह, मग उद्घाटन.

आता आपल्या खोऱ्यात येऊ. इस्लामपुरातून निघून ताकारीजवळ कृष्णा ओलांडली की डावीकडे सागरेश्वराचे डोंगर दिसतात. उघड्याबोडक्या माळावर धों. म. मोहिते यांच्या धडपडीतून तिथे अभयारण्य उभे राहिले. पायथ्याला देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. पुढे कुंडल, जिथून १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या साथीदारांचे प्रतिसरकार चालले. लागूनच किर्लोस्करवाडी, १९१० साली माळरानावर वसवलेली. मग पलूस. पलूसपासून तासगावकडे निघालात की उसाचा हिरवा पडदा विरळ होत जातो आणि द्राक्षांचे मांडव सुरू होतात. तासगावात परशुरामभाऊ पटवर्धनांनी उभारलेले गणपतीचे देऊळ आहे. दक्षिणेकडच्या धर्तीचे त्याचे सातमजली गोपुर या बाजूला दुसरीकडे कुठे दिसायचे नाही. परतताना भिलवडी आणि औदुंबर लागते. दत्ताचे स्थान, कृष्णेचा घाट, आणि दर मकर संक्रांतीला सदानंद साहित्य मंडळाचे साहित्य संमेलन. एका दिवसाच्या वाटेवर इतके सगळे आहे. परदेशात एवढ्या ऐवजावर तीन दिवसांची सहल विकली असती.

परंतु या वाटेवरची खरी गोष्ट द्राक्षांची आहे, आणि ती आपल्या मुलांना माहीत नाही. युरोपातली वेल थंडीत झोपते, तेव्हा तिची एकदा छाटणी करतात आणि ती एकदा पिकते. आपल्याकडे वेलीला झोपवणारी थंडी पडत नाही. ती वर्षभर वाढतच राहते. त्यामुळे एका पिकासाठी आपला शेतकरी दोनदा छाटतो. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची छाटणी फळासाठी. मुळे बहुतेक ठिकाणी डॉगरिज या अमेरिकी जातीच्या खुंटाची असतात, कारण पाण्याचा ताण आणि खारी जमीन तो सोसतो, आणि वर डोळा भरलेला असतो थॉम्पसनचा किंवा सोनाकाचा. फ्रान्स-स्पेनमधल्या बागाही फिलोक्सेरानंतर अशाच अमेरिकी खुंटांवर उभ्या राहिल्या. म्हणजे जमिनीखाली तासगाव आणि रिओहा दूरचे सोयरेच म्हणायचे.

हे ज्ञान केवळ विद्यापीठातून आलेले नाही. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसनच्या बागेतून निवड करून एक नवा वाण काढला. 'तास-ए-गणेश' या त्याच्या नावातच तासगाव आणि तिथला गणपती ऐकू येतात. हा वाण राज्यभर पसरला. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने याच भागातल्या बागायतदारांना आपल्याच बागेत प्रयोग करायला, मोजायला, लिहून ठेवायला आणि एकमेकांना सांगायला शिकवले. फारशी शाळा न शिकलेली माणसे पानाचे क्षेत्रफळ आणि सूर्यप्रकाश यांचे गणित मांडू लागली. स्पेनच्या तळघरातल्या म्हाताऱ्याइतकाच हाही वारसा आहे. फरक इतकाच की तो बघायला तिकीट काढून कुणी येत नाही.

गेल्या हंगामात तासगाव तालुक्यातल्या एका गावी एका बागायतदाराला मी विचारले, "तुमच्याकडं बाग बघायला कुणी येतं का?" ते हसले. म्हणाले, "येतो की, सर. व्यापारी. मणी बघतो, गोडी बघतो आन् भाव पाडून जातो." त्यांच्या घरातल्या काकू आतून म्हणाल्या, "माणसं आली तर आमाला काय जड न्हाई. चटणी-भाकरी खाऊन जावा. फकस्त फवाऱ्याच्या दिवशी येऊ नगा." पर्यटन धोरणाच्या अनेक पानांपेक्षा हे एक वाक्य मला अधिक शहाणपणाचे वाटले.

आता वाईनचा विषय. तो टाळून चालणार नाही. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि नाशिकजवळ विंचूरला व आपल्याकडे पलूसला वाईन पार्क काढायचे ठरवले. पलूसच्या पार्काला 'कृष्णा व्हॅली' असे भारदस्त नावही मिळाले. नाशिकचे पुढे नाव झाले, पलूसला तसा बहर आला नाही. माझ्या मते याची कारणे साधी आहेत. वाईनची द्राक्षे वेगळी असतात. लहान मण्यांची, बियांची, जाड सालीची. आपला शेतकरी तरबेज आहे तो खाण्याच्या आणि बेदाण्याच्या बिनबियांच्या द्राक्षांत. तो माल बाजारात किंवा रॅकवर चांगला जात असताना त्याने वेली उपटून अनोळखी वाण का लावावेत? शिवाय नाशिकला मुंबई जवळ आहे, त्र्यंबक-शिर्डीची वर्दळ आहे. आपल्याकडे औद्योगिक वसाहतीत भूखंड आखले, सवलती दिल्या, परंतु गावाच्या हातात जे कसब होते त्याच्याशी त्याची गाठ मारली नाही. ग्रातायोप्सने गावातल्या जुन्या वेलीपासून सुरुवात केली, आपण कुंपणापासून केली.

दुसरे कारण घराघरातले आहे. आमच्या भागात माळकरी घरे पुष्कळ आहेत, आणि दारूपायी बाईचे हाल काय होतात हे प्रत्येक गल्लीने पाहिले आहे. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला तेव्हा केवढे वादळ उठले ते आठवत असेल. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि तो निर्णय मागे पडला. वाईन चांगली की वाईट हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा. माझे म्हणणे एवढेच, की द्राक्षांचे खोरे म्हटल्यावर वाईनच डोळ्यांपुढे यावी असा काही नियम नाही. स्पेनमध्येही तो नाही.

मालागा प्रांतातल्या आशार्किया या डोंगराळ भागात आल्माचार, एल बोर्हे अशी पांढऱ्या घरांची लहान गावे आहेत. त्यांची ओळख बेदाण्यामुळे आहे. उतारावर दक्षिणेकडे तोंड करून बांधलेल्या वाफ्यांत ते द्राक्षांचे घड उन्हात पसरतात, हाताने उलटतात आणि वाळल्यावर कात्रीने मणी सुटे करतात. १८७८ साली फिलोक्सेराने या भागाचे कंबरडे मोडले. तरीही ज्यांनी टिकवले त्यांची ही पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ साली जागतिक महत्त्वाचा शेतीवारसा म्हणून मान्य केली. आल्माचारमध्ये बेदाण्याचे संग्रहालय आहे. एल बोर्हे दर सप्टेंबरात बेदाण्याचा दिवस साजरा करते. गावात लोक येतात, बेदाणा चाखतात, विकत घेतात. त्या बेदाण्यावर मालागाचे नाव असते.

आता आपला बेदाणा बघा. फेब्रुवारी ते एप्रिल तासगाव, कवठेमहांकाळ, नागज, सांगोल्याकडचे जुनोनी या पट्ट्यात शेडनेटखाली जाळ्यांचे मजले उभे असतात. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवून जाळीवर पसरतात. सावलीत, कोरड्या वाऱ्यावर साधारण पंधरवड्यात ती वाळतात. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. हिरवा वेगळा, गंधकाची धुरी दिलेला पिवळा वेगळा, काळा वेगळा. निवडायला बसलेल्या बायांची बोटे इतकी झरझर चालतात की डोळ्यांना पकडता येत नाहीत. मालागाचा बेदाणा उन्हाचा, आपला सावलीचा आणि वाऱ्याचा. ज्या अवर्षणाने या भागाला पिढ्यान् पिढ्या गांजले त्याच अवर्षणाच्या कोरड्या हवेतून इथल्या माणसाने हा धंदा उभा केला. शाळेच्या सहलीला दाखवावी अशी याहून मोठी गोष्ट कोणती?

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रिओहाला जे राखणदार नाव मिळाले त्याच जातीचा हा हक्क. पण दुकानात जाऊन पाहा. खिरीसाठी, शिऱ्यासाठी, दिवाळीच्या फराळासाठी जे पाकीट आपण घेतो त्यावर पॅकिंग करणाऱ्याचे नाव असते, वजन असते, तारीख असते. सांगली क्वचित, तासगाव त्याहून क्वचित, आणि बोरगाव-सावळजसारख्या गावाचे नाव तर शोधूनही सापडत नाही. सौद्याच्या दिवशी माल बघण्याच्या निमित्ताने बेदाण्याची जी उधळण होते तिच्याबद्दल शेतकरी वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत. मला वाटते त्याहून मोठी उधळण नावाची आहे. निनावी मालाला भाव दुसऱ्याने ठरवायचा असतो. नाव असलेल्या मालाचा मालक निदान दोन शब्द बोलू शकतो.

आणि हे आपल्याला जमत नाही असेही नाही. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर देशभर गेला, त्याच्यासोबत या माळावरच्या वाडीचे नावही गेले. 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' मासिके याच वाडीतून मराठी घरांत पोचत होती. भिलवडीत १९३९ साली सुरू झालेला चितळ्यांचा दुधाचा धंदा पुण्याच्या घराघरात पोचला. कृष्णाकाठच्या दोन लहान गावांनी हे करून दाखवले आहे. उसाचे तसे होऊ शकत नाही. ऊस वजनावर जातो आणि गावाचे नाव साखरेच्या पोत्यात विरघळते. द्राक्षाचे आणि बेदाण्याचे मात्र होऊ शकते, कारण प्रत्येक रानाची, प्रत्येक हाताची चव त्यात उतरते.

इथे आमच्या शहराबद्दल एक बोलतो. आमच्या गावाचे नाव काय असावे यावर आम्ही वर्षानुवर्षे हिरिरीने भांडलो. २०२५ साली राज्य सरकारने ईश्वरपूर हे नाव जाहीर केले. जुन्या सवयीने मी इस्लामपूर लिहितो, माझी नातवंडे कदाचित लिहिणार नाहीत. त्या वादात मला शिरायचे नाही. एवढेच म्हणतो, की पाटीवरच्या नावासाठी आम्ही जेवढा जोर लावला त्याच्या दहाव्या हिश्श्याने जरी मालावरच्या नावासाठी लावला असता, तरी या खोऱ्यातल्या चार गावांची नावे आज मुंबई-दिल्लीच्या स्वयंपाकघरांत वाचली गेली असती.

यावर आक्षेप येतील. द्राक्षाच्या ऐन हंगामात शेतकऱ्याला पाहुण्यांकडे बघायला सवड कुठली? खरे आहे. म्हणून प्रत्येक बाग उघडी करण्याची गरज नाही. एखाद्या गावाने मिळून दोन बागा, एक शेड आणि चार घरची जेवणे ठरवली तरी पुरे. शहरी माणूस येऊन कचरा करील, घड तोडील? करीलही. मग येणाऱ्यांची संख्या ठरवा आणि पैसे घ्या. फुकट पाहिलेल्या गोष्टीची किंमत राहत नाही. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले आहे, त्याचा आधार घेता येईल. ग्रामपंचायत, बचत गट आणि बागायतदार यांनी एकत्र बसायला मुंबईहून कुणी यावे लागत नाही.

अवघड आक्षेप निराळाच आहे. पाच-पन्नास पाहुण्यांनी काय होणार? अवकाळी पाऊस थांबणार आहे का? २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या पावसाने फुलोऱ्यातल्या बागा कुजवल्या, दावण्याने घडच्या घड गेले. त्यानंतरही असे हंगाम आले. औषधांचा खर्च वाढतो, कर्ज वाढते, आणि वैतागून कुणी मांडवासकट बाग काढून टाकतो. पाहुणे येऊन हे थांबणार नाही, हे मीही जाणतो. पण एक गोष्ट होऊ शकते. आज बागायतदाराच्या मुलाला पोरगी द्यायला कुणी तयार होत नाही. तो मुलगा स्वतःच आपल्या बापाच्या कामाकडे कमीपणाने पाहतो, कारण त्या कामाचे कौतुक करायला बाहेरचे कुणी कधी दारात आलेले नसते. स्पेनची खेडी आधी पैशाने नव्हे, मनाने रिकामी झाली असावीत असे मला वाटते. आपली गावे अजून भरलेली आहेत. मुले अजून घरी आहेत, निदान रविवारी तरी येतात. ग्रातायोप्सला ओस पडल्यावर सुचले ते आपल्याला आताच सुचायला हरकत नाही.

म्हणून वाचकांना दोनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादा रविवार मोकळा ठेवा, मुलांना घ्या, आणि ओळखीपाळखीने एखाद्या बागेत आणि बेदाण्याच्या शेडवर जाऊन या. आधी विचारून जा, आणि येताना माल त्यांच्याकडूनच घ्या. दुसरी गोष्ट याहून सोपी आहे. पुढच्या वेळी खिरीसाठी बेदाणा घ्याल तेव्हा दुकानदाराला विचारा, "हा कुठल्या गावचा?" त्याला सांगता येणार नाही. पण दहा जणांनी विचारले तर तो व्यापाऱ्याला विचारील, आणि व्यापारी पाकिटावर छापायला लागेल.